मुकी फटफटी

गाडीवर बसण्याआधी ज्ञानूमामा तिचं ऐकून घ्यायचे. म्हणजे अक्षरशः. टोपी काढायची, कमरेत वाकायचं, हँडलच्या खाली जिथं गाडीचं काळीज असावं असं वाटतं तिथं कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग ‘चल’ म्हणायचं आणि टांग टाकायची. फौजेत ते डिस्पॅच रायडर होते, बर्फातनं आणि वाळूतनं टपाल पोचवणारे. तिथल्या उस्तादानं शिकवलं होतं म्हणे, की आधी गाडीचं ऐकावं, मग तिला आपलं सांगावं. फौज सुटली, सवय सुटली नाही. पुढं त्यांच्याकडं विजेवर चालणारी गाडी आली, जिच्या पोटात ऐकण्यासारखं काहीही नव्हतं, तरी मामा वाकायचेच.

“काय म्हणते?” मी एकदा विचारलं.

“काय न्हाई,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “मुकी हाय. पर ऐकून घ्यायला काय जातंय रं?”

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचं गाव पाटणच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. आणि गावाच्याही वर सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं सपाट पठार, काळा कातळ आणि मधूनमधून मातीचे तुकडे; त्यातल्या एका तुकड्यात मामांची नाचणी. भोवती पवनचक्क्या उभ्या. धुकं उतरलं की त्यांचे खांब गायब व्हायचे आणि नुसती पाती आभाळात फिरत राहायची, कुणीतरी झोपेत हात हलवावेत तशी. मी साताऱ्यात फायलींमध्ये आयुष्य काढलेला माणूस. सडा मला फार आवडतो, पण खालून. वर जायचं तर चढावं लागतं, आणि माझं पोट चढाला माझ्या बाजूनं कधीच मत देत नाही.

मामांची जुनी पेट्रोलची फटफटी खिंडीतूनच ऐकू यायची. खिंडीत तिनं पहिली शिंक दिली की इकडं हौसामामी आधण ठेवायची, आणि गोठ्यापाशी येऊन ती खोकत खोकत बंद पडायची तेव्हा चहा कपात असायचा. या दोघांनी एकमेकांशी प्रेमाचं काही बोललेलं मी कधी ऐकलं नाही. जे काय होतं ते त्या शिंकेत आणि त्या आधणात होतं. मामीचे डोळे काचबिंदूनं कडेकडेनं विझत चालले होते. समोरचं माणूस धुरकट दिसायचं, बाजूचं नाहीच. त्यामुळं तिच्या दिवसाला आवाजांचाच आधार होता.

मग मामांच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. किक मारता येईना, चालत चढता येईना. मामा ओट्यावर बसून वर बघत राहायचे. आजारी माणसाच्या घराकडं बघावं तसं.

त्या सुमारास सड्यावर शहरातल्या कुणीतरी तंबूंचा कॅम्प काढला होता. पाहुणे यायचे आणि विजेच्या डर्ट बाईकवरून कातळावर उड्या मारायचे. पावसाळ्यात धुकं बघायला आलेल्या पाहुण्यांनी ‘धुक्यामुळं काही दिसत नाही’ अशा तक्रारी केल्या आणि कॅम्प बंद पडला. जाताना कॅम्पवाल्यानं एक गाडी मामांना देऊन टाकली, कारण पाणी त्यानं मामांच्या झऱ्याचं वापरलं होतं. गाडी म्हणजे टोळासारखी: उंच, काटकुळी, गाठीगाठीच्या टायरांची. मामीनं तिच्यावरून हात फिरवला.

“हिचं धुराडं कुटं हाय?”

“न्हाई.”

“किक?”

“न्हाई.”

“गेर?”

“न्हाई.”

“मग हिला हाय तरी काय?”

“चार्जर,” मामा म्हणाले.

“फटफटत न्हाई ती फटफटी कसली आवं?” असं म्हणून मामीनं तिचं नाव मुकी ठेवलं, आणि तेच राहिलं.

माझा या सगळ्यात प्रवेश झाला तो वकील म्हणून. मामांची लेक सुरेखा सांगलीला असते. तिचा फोन आला, “दादा, आप्पांना तूच समजाव. तू शिकलेला आहेस.” हा माझ्याबद्दलचा गैरसमज आमच्या घरात फार जुना आहे. सुरेखाचं म्हणणं साधं होतं. दोघांनी सांगलीला येऊन राहावं. मिरजेचे डोळ्यांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि आईच्या डोळ्यांत दिवसातून ठरल्या वेळी थेंब पडले तर आहे ती नजर टिकेल. मामांचं उत्तर ठरलेलं होतं: ज्या दिवशी सड्यावर जाता यायचं न्हाई त्या दिवशी खाली येतो. म्हणजे गुडघा सुरेखाच्या बाजूनं झाला होता, आणि नेमक्या वेळी ही गाडी येऊन मामांच्या बाजूनं उभी राहिली होती.

मी गेलो. चहा घेतला. घसा साफ केला.

“मामा, या गाडीला नंबर नाही, आरसा नाही. रस्त्यावर नेली तर पोलीस धरतील.”

“मला कुटं रस्त्यावर जायाचंय? आन रानात आरसा कशाला? माझ्या मागं कोन लागलंय?”

“वर चार्जिंग संपलं तर?”

“पेट्रोल संपल्यावर तू काय करतोस?”

“बाटलीत आणतो कुणाकडून तरी.”

मामा थांबले. त्यांचा स्वभाव असा, की वादात समोरच्याचा मुद्दा खरा निघाला तर त्यांना स्वतःचा खरा निघाल्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा. “हां. ही आडचन हाय बग. वीज बाटलीत येत न्हाई. पुडं?”

“बॅटरी म्हातारी झाली की संपलं. नवी परवडत नाही म्हणतात.”

“माजा गुडगा म्हातारा झाला, मग मी काय नवा आनला? ती आन मी बराबरीनं म्हातारी हुनार. आदी कोन बसतंय तेवडंच बगायचं.”

“बरं, पण फायदा काय हिचा?”

 मामांनी गाडी माझ्याकडं ढकलली. “बस.”

मी बसलो. माझ्या वजनानं गाडी एवढी खाली गेली की मामीला न दिसताही कळलं. “हळू,” मामा म्हणाले, “मूठ जरा पीळ.” मी मूठ पिळली. पेट्रोलची गाडी निघण्याआधी आरडाओरडा करते, माणसाला विचार बदलायला वेळ देते. हिनं काही कळवलं नाही. मी अजून मनानं ओट्यापाशीच होतो आणि देहानं घाणेरीच्या झुडपात.

“पीळ म्हनलं रं साहेबा,” मामा सावकाश लंगडत येत म्हणाले, “पिरगाळ न्हाई.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना मामा मला वर घेऊन गेले. ते गाडीवर, मी पाठीमागं चालत, धापा टाकत. माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की मामा चार पावलांवर असून नसल्यासारखे. गाडी चालल्याचा आवाज नव्हता, टायरखाली दबणाऱ्या वाळूचा तेवढा. मी तरंगत चाललोय असं मला वाटायला लागलं. माझ्यासारख्या देहाला असं वाटणं ही मोठीच गोष्ट. मामांनी हात वर केला. समोर धुक्याचाच एक भाग काळा होत होत गवा झाला. मग त्याच्यामागं आणखी एक. गाय असावी, कारण तिच्या पायांत वासरू होतं. त्यांनी आमच्याकडं बघितलं, आम्ही काही विशेष नाही असं ठरवलं, आणि चरत चरत पुन्हा धुक्यात विरघळले.

“उभा जलम फटफटीवरनं वर आलो,” मामा हलक्या आवाजात म्हणाले, “पर सडा मला कवा भेटलाच न्हाई बग. माज्या आदी माजा आवाज पोचायचा. समदी उटून जायाची. रिकाम्या घरात पावना आल्यागत मी यायचो आन जायाचो. आता मी येतो तवा समदी घरात असत्यात.”

माझी वकिली तिथं संपली. मी सुरेखाला फोन केला आणि म्हणालो, गाडी तशी बरी आहे. ती म्हणाली, “तुला पाठवलं तिथंच माझं चुकलं.”

पण मामा त्या गाडीच्या प्रेमात आंधळे नव्हते. तिची गाऱ्हाणी तेच सांगायचे, जावयाची सांगावीत तशी, हसत आणि जरा जपून. एकदा पठाराच्या पार पलीकडच्या टोकाला तिची वीज संपली. दुखऱ्या गुडघ्यानं तिला ढकलत आणताना त्यांना वाटेत तीनदा रडू आलं म्हणे, आणि त्याचं कारण गुडघाच होता असं ते शपथेवर सांगत. श्रावणात गावातली वीज गेली की जायचीच. डोक्यावर पवनचक्क्या गरागरा फिरतायत आणि खाली मुकी उपाशी. “वारा आमचा आन वीज दुसऱ्याची,” मामा म्हणायचे. “म्हशीच्या गोठ्यात ऱ्हायाचं आन च्या कोरा प्यायाचा.”

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं मामीचं होतं. फटफटीची शिंक गेली आणि तिचं आधण चुकलं. मामा एकदम अंगणात उगवायचे. ती दचकायची, हातातलं भांडं पडायचं.

“आवं, निदान खाकरा तरी! चोर आल्यागत येता.”

मामा वेशीपासून खाकरत यायला लागले. पण वेस ते घर म्हणजे चहा उकळण्याइतका रस्ता नव्हे. मग मामी अंदाजानं आधण ठेवायची, आणि मामा सड्यावर गव्यांपाशी रमलेले. चहा आटून गूळ व्हायचा. मामा तो गुपचूप चाटायचे. एकदा मात्र असं झालं, की मामांनी मामीच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ निघून गेली. मामी बाटली मांडीवर घेऊन बसून राहिली. मामा आले ते कळलं नाही, आणि ते आधी का आले नाहीत हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

मग आला बेंदूर. बैलांचा हा सण आमच्याकडं पोळ्याची वाट बघत नाही, पावसाच्या ऐन भरातच येतो. मी साताऱ्याहून आदल्या संध्याकाळीच पोचलो होतो. भाच्याची माया म्हणून, असं मी म्हणतो. पुरणपोळी म्हणून, असं माझी बायको म्हणते. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, ते हळद आणि तूप लावून मऊ करायचे. मामांच्या गोठ्यात आता बैल नव्हता. पण हळदीचे हात कोरडे ठेवायचे म्हणजे मामीला अपशकुन वाटायचा. मामा आणि मी दारात बोलत बसलो होतो, तेव्हा ती गोठ्यात गेली, आणि मुकीचा खांदा शोधायला लागली.

हँडलला लावलं. सीटला लावलं. मग चाचपत चाचपत तिचा हात चाकाशी गेला. तिथं एक गार, गुळगुळीत लोखंडी चकती होती, आणि तिच्यावर बारीक बारीक चरे. काम करून करून पडलेले.  “किती घट्टं पडल्यात गं तुला,” असं म्हणून तिनं घरचं तूप सोडलं आणि दोन्ही चाकांच्या दोन्ही चकत्या अशा मळल्या, की कुठल्या बैलाचे एवढे लाड झाले नसतील.

त्या चकत्या म्हणजे ब्रेक.

सकाळी मामांनी गाडी सजवली. फुगे, झूल, आणि गोठ्यात खुंटीला टांगलेली जुन्या बैलाची घुंगुरमाळ हँडलला. हळदीची बोटं हँडलवर दिसली, त्यांना त्यांनी नमस्कार केला. नेहमीसारखं वाकून ऐकलं. मुकीनं याही वेळी काही सांगितलं नाही. गावाची मिरवणूक खाली देवळाकडं चालली होती आणि मामांच्या घरापासून देवळापर्यंत एकच उतार आहे, सरळ, ओला. मी मागं होतो. मामा निघाले ते ऐटीत, मग जरा घाईत, आणि मग त्यांची पाठ मला कधी नव्हे ती घाबरलेली दिसली. “आरं धरंना! धरंना!” ते ओरडले. पुढं बैल, बायका, वाजंत्री. गाडीचा आवाज असता तर तो वाजंत्रीत बुडाला असता, आणि इथं तर तोही नव्हता. पण घुंगुरमाळ वाजत होती, खणाखणा, उतारावरून खाली. आमच्या गावाला गाडीची भीती नाही, पण मागून घुंगरं धावत आली तर ती कशाची असतात हे रक्तात आहे. “बैल उधाळला!” कुणीतरी ओरडलं, आणि रस्ता दुभंगला. मधून मामा गेले, झूल उडवत, टोपीशिवाय, आणि देवळाच्या अलीकडं ज्या उकिरड्यात अख्ख्या गावानं पाऊस लागल्यापासून शेण साठवलं होतं त्यात शांतपणे शिरले.

गाव आठवडाभर हसलं. मामाही हसले. “ब्रेक गेलं तरी तूप चांगलं होतं,” म्हणाले. पण गुडघा सुजून भोपळा झाला होता, आणि मामी कोपऱ्यात बसून आपलेच पिवळे हात चोळत होती.

सुरेखा सांगलीहून आली. रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही, तेच वाईट.

“आप्पा, गाडीचं सोडा. आईचे थेंब किती वेळा चुकले?”

मामा उंबऱ्याकडं बघत राहिले.

“चुकलं न्हाईत,” मामी आतून म्हणाली. “मीच नगं म्हनायची.”

“खोटं बोलू नगंस,” मामा म्हणाले. आणि मग लेकीला, “दिवाळीपातूर सांगतो.”

म्हणजे प्रश्न उरला एवढाच: सडा की नजर. कराडचा एक मेकॅनिक येऊन ब्रेक नीट करून गेला, मामांचा गुडघा थोडा उतरला, पण मामा वर गेले नाहीत. नाचणी कापणीला आली, शेजाऱ्यानं निरोप दिला, तरी गेले नाहीत. मग आश्विनात एकदा मी गेलो असताना मामीच म्हणाली, “मला वर न्या. रान सुनं पडायच्या आदी.”

मुकीवर दुसऱ्याला जागा नव्हती. म्हणून मामांनी मामीलाच बसवलं. नऊवारीतली मामी डर्ट बाईकवर ताठ, दोन्ही हात हँडलवर. मामा शेजारून लंगडत, तिच्या हातावर हात ठेवून मूठ अगदी अलगद पिळत. गाडी माणसाच्या चालीनं चढत होती. घुंगुरमाळ वाजत होती. मागून मी, धाप लागलेला नंदी.

माथ्यावर आलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि धुकं कातळावरून पातळ होऊन सरकत होतं. मामी म्हणाली, “घुंगरं काढा.”

मामांनी माळ सोडून माझ्या हातात दिली. मग एवढं शांत झालं, की शांततेलाच अंग आल्यासारखं वाटलं. मामीनं मान तिरकी केली.  मग बोट उचलून सांगायला लागली, आम्हाला डोळे होते आणि दिसत नव्हतं ते. “त्यो झरा. अजून पानी हाय. ती आपली नाचनी, वाळल्याली, खसखस वाजती बगा. कुनीतरी पलीकडं गवात कापतंय. आन ही पाती... ही दम खात्यात व्हय फिरताना? मला वाटायचं नुसती फिरत्यात.” चंडोल वर गेला, बोलत बोलत. तिचं तोंड त्याच्या मागं वर गेलं.

“लय दिसलं,” ती म्हणाली. आणि मग, अगदी घरातला विषय काढावा तशी, “तुमी हितंच ऱ्हावा. मी जाती सांगलीला. थेंब घालाय लेक हाय. तुमचा जीव हितं हाय, मला काय म्हाईत न्हाई व्हय?”

मी पवनचक्की निरखायला लागलो. एखाद्या पवनचक्कीकडं एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

 मामांनी घसा खाकरला.

“मी सांगलीला गेलो तर सडा हितंच ऱ्हातोय,” ते म्हणाले. “तू सांगलीला गेलीस तर हितं काय ऱ्हातंय?”

 मामीनं पदराचा शेव घेऊन डोळ्यांना लावला; थेंबांची वेळ झाली असावी असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर ती दोघं सांगलीला गेली. तिथं कृष्णेच्या काठानं मामा रोज मामीचा हात धरून हिंडायचे, गावाला सपाटीच फार म्हणायचे, आणि तिथंच एका दुपारी, लेकीच्या घरी, झोपेत गेले. मामीची उरलेली नजर मात्र टिकली. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही अजून वरच होतो.

गवताचा पट्टा समोर लांबवर मोकळा पडला होता, सपाट, ना दगड ना काटा. मामा मामीच्या हातावरचा हात काढेनात.

“मूठ मला कळली आता,” मामी म्हणाली.

“पडशील.”

“गवातच हाय की. ह्यो साहेब पडला, मेला का?”

मामा हसले. तरी हात तिथंच.

“आवं,” मामी म्हणाली, “सोडा आता.”

मामांनी सोडला. मुकी हलली, कुणाला न कळवता, आणि मामी ताठ बसून त्या उजेडात सावकाश पुढं गेली, जिथं तिच्यापुढं काहीच नव्हतं. आणि मामा दुखरा पाय ओढत, हात पुढं करून, तिच्या मागं धावत होते.